ओएच-प्लिफचा सिग्नल सकाळी छान आणि दुपारी गायब: छोट्या जेट कंबस्टरच्या रिगवर काय काय तपासायचं

ओएच-प्लिफ म्हणजे लेझरची पातळ शीट ज्वालेत सोडून तिथल्या ओएच रॅडिकलचा प्रकाश कॅमेऱ्याने टिपायची पद्धत, आणि कंबस्टर म्हणजे इंजिनातला इंधन जळतं तो भाग. आधी लक्षणं सांगतो, तुमच्याकडे यातलं नेमकं काय होऊन राहिलंय ते बघा, कारण पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

सगळ्यात जास्त दिसणारं म्हणजे सकाळी दहाला ज्वालेची कड इमेजमध्ये सुरीने कापल्यासारखी येते आणि दुपारी एक-दीडपर्यंत काउंट्स (कॅमेऱ्यातला उजेडाचा आकडा) निम्म्यावर येतात, मग कोणीतरी इंटेन्सिफायरचा (कॅमेऱ्यातला उजेड वाढवणारा भाग) गेन वाढवतो, काउंट्स वाढल्यासारखे दिसतात पण खरं तर नुसत्या मुंग्या वाढलेल्या असतात. दुसरं, इमेज वरून उजळ आणि खाली काळी (आमची शीट वरून येते म्हणून वर-खाली, तुमची बाजूने येत असेल तर डावं-उजवं). तिसरं, उभ्या काळ्या पट्ट्या. चौथं, इंजेक्टरच्या तोंडाशी, जिथे ज्वाला असूच शकत नाही तिथे भरपूर चकाकी. आणि पाचवं, फ्रेम पूर्ण काळी, सकाळी चालू होतं आणि आता काहीच नाही.

नागपुरातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये छोट्या जेट इंजिनाच्या कंबस्टरवर आम्ही हे काम करतो आणि हा फॉल्ट मी इतक्यांदा काढलाय की पोट्टे दारात येऊन "सर, सिग्नल पडून राहिला" म्हणाले की मी खुर्चीतून उठायच्या आधी विचारतो, कंबस्टरची काचेची खिडकी कधी पुसली होती. बहुतेक वेळा तिथेच संपतं. पण पोट्ट्यांचा हात आधी डाय लेझरच्या नॉबकडे जातो आणि मग एका फॉल्टचे दोन होतात, म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

नवीन लोकांसाठी दोन ओळीत. ज्वालेत ओएच रॅडिकल तयार होतो, २८३ नॅनोमीटरच्या आसपासच्या यूव्ही लेझरची पातळ शीट त्यातून गेली की तो उत्तेजित होतो आणि ३०६ ते ३२० नॅनोमीटरमध्ये परत प्रकाश देतो, तो प्रकाश फिल्टर लावून कॅमेऱ्याने पकडायचा. ओएच गरम जळालेल्या वायूत टिकून राहतो, त्यामुळे त्याची तीव्र कड जिथे दिसते तिथे साधारण ज्वालेचं तोंड. सामान म्हणजे ५३२ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर (हाच पंप लेझर), त्यावर चालणारा, रोडामिन ६जी या रंगाच्या द्रावणाचा डाय लेझर (५६६ च्या आसपास), मग ती तरंगलांबी निम्मी करणारा बीबीओ क्रिस्टल. ही साखळी लक्षात ठेवा, ५३२, ५६६, २८३. खाली परत लागेल.

आणि चष्मा. २८३ डोळ्याला दिसत नाही, पण डोळा आणि कातडी दोन्ही भाजते, आणि ५३२ चा चष्मा ५६६ ला चालेलच असं नाही. चष्म्यावरचे आकडे वाचून घ्या. याच्यावर मी कोणाचंही ऐकून घेत नाही.

काहीही फिरवायच्या आधी

नॉबला हात लावू नका. वहीत वेळ, खोलीचं तापमान, गेन, गेट (कॅमेरा किती वेळ उघडा राहतो), डिले (तो किती उशिरा उघडतो), लेझर एनर्जी आणि हवेचं व इंधनाचं फ्लो रीडिंग लिहा, तसेच सकाळचे आकडे शेजारी ठेवा. फुकटचं काम आहे, पाच मिनिटं लागतात, आणि अर्ध्या वेळा उत्तर वहीतच सापडतं, कोणीतरी गेट १०० नॅनोसेकंदावरून ५० केलेला असतो आणि सांगितलेलं नसतं.

खिडकी

छोट्या कंबस्टरची अडचण अशी की ज्वाला आणि काच यांच्यात जेमतेम काही सेंटीमीटर. मोठ्या रिगवर काजळी बसायला वेळ लागतो, इथे अर्ध्या तासात बसते. आमच्या वरच्या फटीतल्या क्वार्ट्झवर ती आधी खालच्या कडेने चंद्रकोरीसारखी तपकिरी झाक म्हणून येते, समोरून बघितलं तर दिसतच नाही, काच तिरपी धरून ट्यूबलाईटकडे बघावी लागते. डोळ्याला एवढीशी वाटते पण काजळी यूव्हीत दृश्य प्रकाशापेक्षा जास्त शोषते, आणि तुमचं नुकसान दोनदा होतं, एकदा लेझर आत जाताना वरच्या काचेत आणि एकदा फ्लोरेसेन्स बाहेर येताना कॅमेऱ्याच्या बाजूच्या काचेत.

एनर्जी मीटर असेल तर काच काढून मीटरच्या पुढे धरा आणि काच नसताना व असताना मोजा. स्वच्छ फ्यूज्ड सिलिका (आपली क्वार्ट्झची काच हीच) या तरंगलांबीला साधारण ९२ टक्के सोडते, बाकीचं दोन्ही पृष्ठभागांवरून परावर्तित होऊन जातं. ८० आलं तर पुसायची वेळ झाली. पुसायचं म्हणजे आधी रबरी फुग्याने धूळ उडवायची, मग लेन्स पेपरवर दोन थेंब मेथॅनॉल टाकून एकाच दिशेने ओढायचं, घासायचं नाही, तोंडाने फुंकर तर अजिबात नाही. जळकट थर निघतच नसेल तर मफल फर्नेसमध्ये हवेत ६०० अंशाच्या आसपास ठेवला की जळून जातो, पण त्याआधी काच धुऊन घ्या आणि नंतर हातमोज्यांनीच धरा, कारण बोटाच्या घामातलं मीठ क्वार्ट्झला खूप गरम झाल्यावर कायमचं पांढुरकं करतं.

एकदा एका पोट्ट्याने फुटलेल्या खिडकीच्या जागी इतवारीतून मापाची काच कापून आणली, बोरोसिलिकेट, दिसायला तंतोतंत तशीच. दोन दिवस आम्ही लेझर तपासत बसलो. बोरोसिलिकेट ३५० ला छान सोडते आणि २८३ ला जवळजवळ भिंत होते. तेव्हापासून नवीन काच आली की आधी तिच्यामागे पांढरा व्हिजिटिंग कार्डाचा तुकडा धरून (चष्मा लावून, एनर्जी कमी करून) त्यावर निळी चमक उमटते का बघतो. कागदातलं व्हाईटनर यूव्हीत चमकतं. चमक नाही म्हणजे काच चुकीची. याला पैसे लागत नाहीत.

काजळी दुपारीच का वाढते

हे मला समजायला एक पूर्ण उन्हाळा लागला. सकाळी लॅबबाहेर २७-२८ अंश असतं आणि नवतप्यात दुपारी ४५, आणि आमचा कॉम्प्रेसर गच्चीवर. हवा ३०० केल्विनवरून ३१८ ला गेली की घनता साधारण ६ टक्क्यांनी उतरते, रोटामीटरचं (हवेचा फ्लो दाखवणारी नळी) बोंड त्याच रेघेवर ठेवलं तरी खरी वस्तुमानी हवा ३ टक्क्यांच्या आसपास कमी जाते. म्हणजे तुम्ही काहीच बदललं नाही असं वाटतं पण ज्वाला थोडी रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) झालेली असते, इंजेक्टरजवळचे रिच कप्पे वाढतात, काजळी वाढते, खिडकी लवकर काळी होते. त्यात दुपारी शेजारची लॅब त्याच कॉम्प्रेसरवरून हवा ओढत असली की खिडकीवरची पर्ज हवा (काजळी बसू नये म्हणून काचेवर सोडलेली) पण मंदावते. त्यामुळे पर्जचं प्रेशर बघा आणि हवेच्या तापमानाची दुरुस्ती करूनच फ्लो लावा. थर्मोकपल लावायचा खर्च फार नाही.

उलटंही होतं. कोणी लीनकडे (इंधन कमी, हवा जास्त) नेलं तर तापमान उतरतं आणि ओएच तापमानाबरोबर फार झपाट्याने कमी होतो. तेव्हा सिग्नल पडला हा फॉल्ट नाहीच, तुमचं मोजमाप खरं सांगतंय.

कूलर बंद करा

बाहेरच्यांना हे विचित्र वाटेल पण नागपुरात उन्हाळ्यात खोलीत कूलर नाही असं होत नाही आणि कोणीतरी प्रेमाने लॅबच्या खिडकीत एक बसवून देतो. कूलरची हवा ओली असते आणि बाहेरची धूळ घेऊन येते. ओलावा क्रिस्टलला चालत नाही, एनडी-यागमधला केडी*पी तर पाणी ओढणाराच आहे आणि बीबीओ पण थोडा ओढतो. धूळ शीट बनवणाऱ्या सिलिंड्रिकल लेन्सवर बसली की तिथून पुढे शीटमध्ये काळी रेघ. ऑप्टिक टेबलच्या खोलीला फक्त एसी, आणि एसीचा झोत डाय लेझरवर सरळ नको.

पट्ट्यांबद्दल इथेच सांगतो. प्रत्येक शॉटमध्ये पट्टी त्याच जागी असेल तर धूळ किंवा ओरखडा ऑप्टिक्सवर आहे, पुसा. दर शॉटला जागा बदलत असेल तर आतल्या गरम वायूमुळे किंवा इंधनाच्या थेंबांमुळे शीट वाकतेय, पुसून काही होणार नाही, ती दुरुस्ती नंतर इमेज प्रोसेसिंगमध्ये करावी लागते.

बुन्सेन बर्नर

लॅबमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात प्रामाणिक उपकरण. आमचा कंबस्टर रुळावर बसवलाय, तो बाजूला सरकवला की त्याच जागी एलपीजीचा साधा बुन्सेन उभा राहतो, जागा खिळा ठोकून ठरवलेली, शीट बर्नरच्या तोंडाच्या २ सेंटीमीटर वरून, गेन आणि गेट ठरलेले. निळा शंकू नीट दिसेपर्यंत हवा सोडायची, शंभर शॉटची सरासरी घ्यायची, आणि वहीतल्या आकड्याशी ताडायची.

आकडा जुळला तर लेझर, कॅमेरा, टायमिंग, तरंगलांबी सगळं ठीक आहे, दोष कंबस्टरच्या बाजूला, म्हणजे खिडकी, हवा, इंधन. नाही जुळला तर कंबस्टर विसरा, तो बंद करा, केरोसीन वाया घालवू नका. एवढ्या एका पायरीने अर्धं जंगल कापलं जातं, आणि तरी लोक हीच गाळतात कारण रिग सरकवायचा कंटाळा येतो.

टायमिंग

फ्रेम पूर्ण काळी असेल आणि मध्ये लाईन गेली असेल तर आधी डिले जनरेटर बघा. आमचा तरी वीज परत आली की कधी कधी कारखान्यातल्या सेटिंगवर उठतो. ओएचचा फ्लोरेसेन्स साध्या दाबाला काही नॅनोसेकंदच टिकतो, म्हणून लेझर पल्स गेटच्या आत पडायलाच हवा, थोडा उशिरा उघडला तरी चालेल असं इथे नसतं. फोटोडायोड आणि गेट मॉनिटर दोन्ही ऑसिलोस्कोपवर एकत्र लावा. केबल बदलली असेल तर लांबी मोजा, कोअॅक्समध्ये दर मीटरला ५ नॅनोसेकंद जातात, कोणी २ मीटरच्या जागी १० मीटरची केबल लावली की ४० नॅनोसेकंद गेले, आणि ५० चा गेट रिकामाच उघडून मिटला. आमच्याकडे हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा कोणी तरी टेबल आवरलं होतं.

तीन जागी एनर्जी

आता ती साखळी. वॉर्म-अप अर्धा-पाऊण तास झाल्यावर ५३२ मोजा, मग ५६६, मग २८३, आणि तिन्ही सकाळच्या आकड्यांशी लावा. ५३२ च कमी असेल तर दोष पंप लेझरमध्ये. ५३२ ठीक आणि ५६६ कमी, तर डाय. ५६६ ठीक आणि २८३ कमी, तर बीबीओचा कोन किंवा त्याचा पृष्ठभाग. तिन्ही ठीक आणि बुन्सेनवर सिग्नल नाही, तर तरंगलांबी.

एक काळजी घ्या. २८३ मोजताना उरलेला ५६६ वेगळा केलेला असला पाहिजे, पेलिन-ब्रोका प्रिझमने किंवा डायक्रॉइक आरशाने. नाहीतर मीटर दोन्ही मिळून आकडा दाखवतो आणि यूव्ही भरपूर आहे असा समज होऊन तुम्ही पुढे निघून जाता. आमची एक अख्खी दुपार यात गेली होती, मीटर खोटं बोलत नव्हता, आम्ही त्याला चुकीचं विचारत होतो.

बीबीओचा कोन वापरणाऱ्याला हलवायची सोय असते, अगदी थोडा हलवून एनर्जीचा शिखर बिंदू शोधा. खोली चार-पाच अंशाने बदलली की तो सरकू शकतो. मूळ आकडा लिहून ठेवून मगच हलवा.

तरंगलांबी

ओएच ठरावीक तरंगलांब्यांनाच प्रकाश शोषतो, त्यांना रेषा म्हणतात. त्यातली आम्ही क्यू१(६) रेषा वापरतो, हवेत मोजली तर २८२.९३ नॅनोमीटरच्या आसपास. ज्वालेत या रेषेची रुंदी जेमतेम ०.००२ ते ०.००३ नॅनोमीटर असते, म्हणजे डाय लेझरची ग्रेटिंग (तरंगलांबी निवडणारी बारीक रेघांची पट्टी) तापमानाने एवढीशी सरकली तरी तुम्ही रेषेवरून खाली. यूव्ही एनर्जी पूर्ण, कार्डावर चमक पूर्ण, आणि सिग्नल शून्याजवळ. दुपारी पडणाऱ्या सिग्नलचं खिडकीनंतरचं दुसरं मोठं कारण हेच.

बुन्सेनवर हळू स्कॅन करा, डायची तरंगलांबी ०.००१ नॅनोमीटरच्या पावलाने हलवा (यूव्हीत ते त्याच्या निम्मं होतं) आणि दर पावलाला सरासरी घ्या. जे शिखर येतं ते एकट्याने ओळखू नका, शेजारच्या तीन-चार रेषा पण घ्या आणि लिफबेससारख्या सॉफ्टवेअरमधल्या स्पेक्ट्रमवर ठेवून बघा, नाहीतर शेजारच्या कमकुवत रेषेवर बसून महिनाभर डेटा घेतलेला मी बघितलाय. आणि लेझरच्या डिस्प्लेवर हवेतली तरंगलांबी आहे की निर्वातातली ते माहीत करून घ्या, दोघांत इथे ०.०८ नॅनोमीटरचा फरक पडतो, रेषेच्या रुंदीच्या मानाने तो फार म्हणजे फारच मोठा.

याच पायरीवर इंजेक्टरजवळच्या चकाकीचा निकाल लागतो. कंबस्टर परत जागेवर आणा, रेषेवर इमेजचा एक सेट घ्या, मग लेझर रेषेपासून थोडा बाजूला नेऊन तोच सेट घ्या. बाजूला नेल्यावर जे नाहीसं झालं ते ओएच, जे उरलं ते ओएच नाही. जेट ए-१ (विमानाचं केरोसीन) मध्ये अॅरोमॅटिक्स (बेंझीनच्या जातीची संयुगं) २५ टक्क्यांपर्यंत असू शकतात आणि ते २८३ ला स्वतःच चमकतात, शिवाय थेंबांवरून आणि जवळच्या धातूच्या भिंतीवरून लेझर उसळतो. छोट्या कंबस्टरमध्ये भिंत इतकी जवळ असते की हा उसळलेला प्रकाश फिल्टरमधूनही थोडा निसटतो. हा उरलेला सेट दर दिवशी घ्या आणि वजा करा. न घेता छापलेल्या सुंदर इमेजवर माझा विश्वास बसत नाही.

डाय आणि पाणी

इथून पुढे काम महागही होतं आणि धोकाही वाढतो.

रोडामिन ५३२ वर बरंच टिकतं, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात टाकीतलं इथेनॉल किंवा मेथॅनॉल उडतं, द्रावण घट्ट होतं, आणि त्याचं शिखर लांब तरंगलांबीकडे सरकतं, मग ५६६ ला एनर्जी मिळत नाही. पातळी बघा, बुडबुडे बघा, आणि नुसतं सॉल्व्हंट वरून ओतून भागवू नका, दोन-तीनदा झालं की पूर्ण बदला. डाय पावडर वजन करताना हातमोजे आणि मास्क, काम फ्यूम हुडमध्ये, जवळ कुठेही बर्नर पेटलेला नको. बुन्सेन बंद केलाय का हे दोन जणांनी बघायचं.

लेझर थंड करणाऱ्या पाण्याच्या बंद लूपमध्ये डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणीच. एकदा पातळी कमी झाली म्हणून कोणी कॅन्टीनमधलं आरओचं पाणी टाकलं होतं. आरओ पिण्याला छान, पण त्यात क्षार राहतात आणि ते लेझरच्या आतल्या दिव्याभोवती (फ्लॅशलॅम्प) वीज वाहून नेतात. सुदैवाने लगेच कळलं, पूर्ण लूप धुवावा लागला आणि डीआयोनायझर कार्ट्रिज बदलावं लागलं. पाण्याचं तापमान वाढत जात असेल तर हीट एक्स्चेंजरची जाळी बघा, मे महिन्यात ती धुळीने बंद झालेली असते, लेझर बंद करून बाहेरून व्हॅक्यूमने साफ करता येते.

इथे थांबायचं आणि इंजिनिअरला बोलवायचं

पॉवर सप्लायचं झाकण उघडायचं नाही. फ्लॅशलॅम्पच्या कपॅसिटरवर हजार व्होल्टच्या वरचा चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही राहू शकतो, ही चूक माणूस एकदाच करतो. ५३२ कमी आहे, पाणी ठीक आहे, आणि शॉट काउंटर ३ कोटीच्या जवळ आहे (१० हर्ट्झवर साधारण ८३० तास), तर दिवे संपले असं समजा आणि ते बदलायला शिकलेला माणूस बोलवा.

एनडी-यागच्या कॅव्हिटीतल्या आरशांना, सेकंड हार्मोनिकच्या केडी*पीच्या घराला आणि डाय लेझरच्या ग्रेटिंगला हात नाही, ग्रेटिंग पुसायचीच नसते. जळलेल्या कोटिंगचा ठिपका दिसला की लेझर लगेच बंद, तो दर शॉटला वाढत जातो. इंटेन्सिफायरवर लेझर बंद असतानाही एकाच जागी उजळ ठिपका किंवा कायमचा काळा डाग असेल तर गेन शून्यावर आणा आणि कंपनीला कळवा. आणि केरोसीनचा वास आला किंवा क्वार्ट्झला केसाएवढी भेग दिसली तर सिग्नल वगैरे नंतर, आधी इंधन बंद, मग हवा चालू ठेवून रिग थंड करा, भेग गेलेली काच परत वापरू नका.

इंजिनिअर पुण्याहून किंवा बंगलोरहून येणार, यायला आठवडा लागतो, तेव्हा फोनवरच त्याला शॉट काउंट, तिन्ही जागच्या एनर्जी सकाळ-दुपारच्या, पाण्याचं आणि खोलीचं तापमान, आणि शेवटच्या स्कॅनचा ग्राफ पाठवून द्या. म्हणजे तो बरोबर पार्ट घेऊन निघतो. आणि तो येईल त्या दिवशी एसी सकाळी सातलाच लावून ठेवा.